फेकलेले ग्लायडर तोल कसा सांभाळते?

लिटिल इंडियातल्या रेसकोर्स रोडवर आता घोडे धावत नाहीत. आपण तिथे जातो ते जेवायला, किंवा दिवाळीची खरेदी आटोपून फेरर पार्क स्थानकाकडे चालत निघालो की. पण ज्या रेसकोर्सवरून या रस्त्याला नाव मिळाले, तो १९३३ साली बुकित तिमाहला हलवला जाईपर्यंत इथेच, फेरर पार्कला होता. सिंगापूरच्या आकाशात पहिले विमान उडाले तेही याच मैदानावरून. तारीख होती १६ मार्च १९११. वैमानिक होता जोझेफ ख्रिस्तियान्स हा बेल्जियन, आणि विमान होते ब्रिस्टल कंपनीचे ‘बॉक्सकाइट’.

मराठी वाचकांसाठी याला आणखी एक जवळचा धागा आहे. याच जातीचे विमान दोनच महिने आधी, जानेवारी १९११ मध्ये, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला उडाले होते. तिथे घोडदळाचा युद्धसराव चालू होता. आंरी ज्युलरो हा फ्रेंच वैमानिक विमान चालवत होता आणि कॅप्टन सेफ्टन ब्रँकर निरीक्षक म्हणून बरोबर बसला होता. मराठवाड्यातल्या माणसांनी आणि सेरंगून रोडच्या आसपास राहणाऱ्यांनी जवळजवळ एकाच वेळी मान वर करून एकच यंत्र पाहिले, असे म्हणायला हरकत नाही.

याच मैदानाची दुसरी गोष्ट ४ डिसेंबर १९१९ची आहे. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघालेले रॉस स्मिथ यांचे ‘विमी’ विमान त्या दिवशी इथे उतरले. दोन इंजिनांच्या त्या धुडासाठी मैदान अपुरे होते. तेव्हा बेनेट नावाचा त्यांचा मेकॅनिक विमान उतरत असताना आपल्या जागेवरून बाहेर आला आणि विमानाच्या पाठीवरून घसरत थेट शेपटीपर्यंत गेला. त्याच्या वजनाने शेपूट लवकर खाली टेकली आणि विमान थोडक्यात थांबले. सहा दिवसांनी ते डार्विनला पोहोचले.

एका माणसाचे वजन पुढून मागे सरकले आणि सबंध विमानाची वागणूक बदलली. जमिनीला चाके लागत असताना हे चालून गेले. हवेत उंचावर असताना तोच माणूस शेपटीवर जाऊन बसला असता तर काय झाले असते? या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट समजले, त्याला घरी केलेले ग्लायडर सरळ उडवता येते. आजचा लेख त्याविषयी आहे. तो मी मुख्यतः दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहितो आहे. एक, ज्यांची शाळेची वर्षअखेरची सुट्टी आता सुरू होते आहे. आणि दुसरे, जे दिवाळीला मुलाकडे किंवा मुलीकडे म्हणून सिंगापूरला आले आहेत आणि नातवंडांशी ‘जेवलास का?’ या प्रश्नाच्या पुढे काय बोलावे, हे ज्यांना सुचत नाही.

तोल म्हणजे नेमके काय?

एक वाटी घ्या आणि तिच्यात गोटी टाका. गोटीला बोटाने ढकला. ती वर चढेल, परत येईल, दोन-चार हेलकावे घेऊन तळाशी थांबेल. हा स्थिर तोल. आता वाटी पालथी घाला आणि गोटी तिच्या डोक्यावर ठेवा. जरासा धक्का लागला की ती गेली, परत येणार नाही. हा अस्थिर तोल. सपाट ताटात गोटी जिथे ढकलाल तिथेच राहते. हा तटस्थ तोल.

ग्लायडर स्थिर आहे याचा अर्थ ते हलत नाही, असा नव्हे. वाऱ्याच्या झुळकेने त्याचे नाक वर गेले, तर ते आपणहून खाली यायला हवे. पंख कलला, तर आपणहून सावरायला हवा. मोठ्या विमानात ही दुरुस्ती वैमानिक करू शकतो. हातातून सुटलेल्या ग्लायडरमध्ये कोणीच बसलेले नसते, म्हणून दुरुस्तीची सोय त्याच्या बांधणीतच करून ठेवावी लागते.

हे पहिल्यांदा नीट ओळखले ते इंग्लंडच्या सर जॉर्ज केली यांनी. १८०४ साली त्यांनी एका काठीवर पतंगाच्या आकाराचा पंख बसवला, मागे फुलीच्या आकाराची, कोन बदलता येणारी शेपटी लावली आणि पुढे सरकवता येणारे वजन ठेवले. राइट बंधूंच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचे हे हाताने फेकायचे ग्लायडर. पुढे १८७१ साली आल्फाँस पेनो या तरुण फ्रेंच माणसाने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान पॅरिसच्या त्विलरी बागेत ११ सेकंद उडवून दाखवले. त्याच्या पंखांची टोके वर वळवलेली होती आणि मागची आडवी शेपटी पंखाच्या मानाने थोडी उलट्या कोनात बसवली होती. आज आपण जे करणार आहोत त्यात या दोघांच्या पलीकडचे फारसे काही नाही.

मापे

पुढची मापे एकमेकांशी जुळवून दिली आहेत. पहिल्या खेपेस ती तशीच ठेवावीत.

पंख ४५ सेंमी लांब आणि ९ सेंमी रुंद. ३ मिलिमीटर जाडीचे बाल्सा लाकूड उत्तम. पंखाची पुढची कड पॉलिश पेपरने गोल करा आणि मागची कड घासून पातळ करा. अंगाची काठी ४१ सेंमी. तिचे टोक पंखाच्या पुढे १० सेंमी यावे. आडवी शेपटी १६ सेंमी लांब, ६ सेंमी रुंद, दीड मिलिमीटर जाड. तिची मागची कड काठीच्या मागच्या टोकाशी जुळवा. उभी शेपटी ५ सेंमी रुंद, ६ सेंमी उंच. पंख मधोमध कापून, दोन्ही टोके सपाटीपासून प्रत्येकी ४ सेंमी उचललेली राहतील अशा बेताने पुन्हा चिकटवा.

आडव्या शेपटीचे क्षेत्रफळ पंखाच्या साधारण पाव आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. नवशिक्यांच्या ग्लायडरमध्ये बहुतेक वेळा इथेच कसर असते. शेपटी दिसायला नाजूक बरी वाटते म्हणून लहान केली जाते, किंवा काठी आखूड ठेवली जाते. शेपटीचा जोर तिच्या क्षेत्रफळाला पंखापासूनच्या अंतराने गुणले की मिळतो. लोखंडी पहार उचलताना आपण टेकूपासून लांब हात धरतो, तसेच हे. शेपटी लहान करायचीच असेल तर काठी त्या प्रमाणात लांब करा.

नाकातले वजन

आता सर्वांत महत्त्वाचे काम. ग्लायडर तयार झाले की दोन बोटांची टोके पंखांखाली, काठीच्या दोन्ही बाजूंना ठेवून ते तोलून पाहा. ज्या रेषेवर ते आडवे राहील, तिथे त्याचा गुरुत्वमध्य. मुले त्याला ‘सीजी’ म्हणतील. नाव कोणतेही असो, पेन्सिलीची खूण एकाच जागी पडते.

आपल्या मापांच्या ग्लायडरमध्ये हा बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून ३ सेंमीवर यायला हवा. नुसत्या सांगाड्याचा तो पुष्कळच मागे येतो, कारण लांब काठी आणि शेपटी त्याला मागे ओढतात. किती वजन घालायचे याचे गणित पाचवी-सहावीच्या मुलाला जमण्यासारखे आहे. समजा, सांगाडा २४ ग्रॅमचा आहे आणि तो ८ सेंमीवर तोलला. म्हणजे तोल ५ सेंमी मागे आहे. २४ गुणिले ५, झाले १२०. नाकात मातीचा गोळा पंखाच्या पुढे ९ सेंमीवर बसणार, म्हणजे हव्या त्या बिंदूपासून १२ सेंमीवर. १२० भागिले १२, उत्तर १० ग्रॅम. मुलांच्या खेळण्यातली माती चालेल. घरी बारीक वजनाचा काटा नसेल तर सिंगापूरचे नवे दहा सेंटचे नाणे सुमारे २.४ ग्रॅमचे असते, चार नाण्यांच्या जवळपास वजनाची माती घ्या. नाणी फक्त मापासाठी, नाकात चिकटवायला नव्हेत. फेकलेल्या वस्तूच्या टोकाला धातू नको.

हा गुरुत्वमध्य ३ सेंमीवरच का? प्रत्येक ग्लायडरमध्ये एक ‘तटस्थ बिंदू’ असतो. झुळकेने नाक वर गेले की पंख आणि शेपटी दोन्हींवरची उचल वाढते. ही वाढलेली उचल सगळी मिळून ज्या जागी काम करते, तो हा बिंदू. आपल्या मापांत तो पुढच्या कडेपासून साधारण सव्वाचार सेंमीवर येतो. वजन त्याच्या पुढे असेल तर वाढलेली उचल वजनाच्या मागे काम करते, शेपटीकडची बाजू वर ढकलते आणि नाक खाली आणते. म्हणजे गोटी वाटीत आहे. वजन त्या बिंदूच्या मागे गेले की तीच उचल नाकाला आणखी वर नेते. गोटी पालथ्या वाटीवर आली. शेपटीवर जाऊन बसलेल्या बेनेटचा प्रश्न इथे सुटतो. ज्या वजनाने जमिनीवर विमान लवकर थांबले, त्याच वजनाने हवेत ते सावरण्याच्या पलीकडे गेले असते.

शेपटीचा कोन

एकट्या नाकातल्या वजनाने ग्लायडर उडत नाही. वजन पुढे आहे म्हणून त्याचे नाक खाली जायला बघणार. त्याला वर धरणारे कोणीतरी हवे. ते काम आडव्या शेपटीचे. तिची मागची कड पुढच्या कडेपेक्षा २ मिलिमीटर वर राहील अशी ती चिकटवा. जाड पुठ्ठ्याचा तुकडा खाली घातला की झाले. सहा सेंमी रुंदीला २ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ २ अंशांचा कोन. एवढा पुरतो.

वाचकहो, ही दोन कामे वेगळी आहेत, ती मनात वेगळी ठेवा. नाकातले वजन ठरवते की ग्लायडर बिघडलेला तोल सावरणार की नाही. शेपटीचा कोन ठरवतो की ते कोणत्या वेगाने उडत राहणार. ग्लायडर नाकावर आपटले की मुले मातीचा गोळा काढून टाकतात, आणि वर जाऊन कोसळले की आणखी माती थापतात. दोन्ही वेळा ते एका कामाचे हत्यार दुसऱ्या कामाला वापरत असतात.

मग कोणते हत्यार केव्हा, हे कसे ओळखायचे? त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. खांद्याच्या उंचीवरून, किंचित खाली रोख धरून, ग्लायडर हवेत ‘ठेवल्यासारखे’ सोडा. जोर लावायचा नाही. त्याचा स्वतःचा वेग सेकंदाला ५ मीटरच्या आसपास आहे, आपण भराभर चालताना हात पुढे केला की जवळजवळ तेवढा मिळतो. नीट जुळलेले ग्लायडर सात-आठ मीटर सरळ जाऊन अलगद टेकेल. आता त्याच कोनात थोडे जास्त जोराने सोडा. ग्लायडरने हलकेच नाक उचलून, वाढलेला वेग उंचीत घालवून पुन्हा मूळ चालीवर यावे. तसे झाले तर वजन आणि कोन दोन्ही जागेवर आहेत.

जोराने सोडल्यावर ते नाक उचलतच नाही, उलट आणखी खाली घुसते, तर वजन फार मागे आहे आणि शेपटीचा कोनही अपुरा. आधी नाकात थोडी माती वाढवा, मग शेपटी उचला. याउलट जोराने सोडल्यावर ते एकदम आकाशाकडे तोंड करून उभे राहिले, तर वजन फार पुढे आहे आणि शेपटीचा कोन वाजवीपेक्षा जास्त. थोडी माती काढा आणि शेपटीची मागची कड अर्धा मिलिमीटर खाली आणा.

पंखांचा कलता तोल, आणि आपला पतंग

संक्रांतीला पतंग उडवलेल्या माणसाला पंखांची टोके वर का उचलायची हे अर्धे आधीच ठाऊक असते. आपल्या लढाऊ पतंगाला शेपूट नसते. मांजा ढिला सोडला की तो गिरक्या घेऊ लागतो, आणि ताणला की ज्या दिशेला टोक असेल त्या दिशेला सरळ सुटतो. असे का होते? मांजा ताणला की वाऱ्याच्या दाबाने कमानीची कामटी वाकते आणि पतंगाच्या दोन्ही बाजू मागे झुकतात. त्या झुकाव्याने तो स्थिर होतो. ढील दिली की तो सपाट होतो आणि स्थिरता जाते. उत्तम पतंगबाज पेच लावताना एकाच पतंगाला क्षणात स्थिर आणि क्षणात अस्थिर करत असतो. हे सगळे बोटांनी चालते, पुस्तकाशिवाय.

ग्लायडरला मांजा नाही, म्हणून त्याचा झुकावा कायमचा करून ठेवायचा. त्याचे काम असे चालते. डावा पंख खाली कलला की ग्लायडर डावीकडे घसरू लागते. घसरताना बाजूने हवा येते. टोके उचललेली असल्यामुळे ही हवा खालच्या, म्हणजे डाव्या पंखाला जास्त कोनात भिडते आणि उजव्याला कमी. डाव्याची उचल वाढते आणि तो वर येतो. खालचा पंख आडवा झाल्यामुळे त्याची सावली मोठी पडते आणि म्हणून तो जास्त उचलतो, असे स्पष्टीकरण काही पुस्तकांत असते. ते बरोबर नाही. घसरण झाली नाही तर दुरुस्तीही होत नाही.

उभ्या शेपटीचा संबंध इथे येतो. ती ग्लायडरचे नाक येणाऱ्या हवेकडे वळवते, देवळावरच्या वाऱ्याच्या कोंबड्यासारखी. पण ती वाजवीपेक्षा मोठी झाली तर घसरण सुरू होताच नाक त्या बाजूला वळवून टाकते आणि पंखांना सावरायला वेळच देत नाही. मग ग्लायडर वळते, आणखी कलते, आणखी घट्ट वळते आणि स्क्रूसारखे फिरत जमिनीत जाते. उलट उभी शेपटी फार लहान असेल तर ते दारूड्यासारखे चालते, नाक डावीकडे-उजवीकडे आणि पंख वर-खाली. पहिल्या दुखण्यावर उभी शेपटी थोडी कापा किंवा पंखांची टोके आणखी सेंमीभर उचला. दुसऱ्यावर उभी शेपटी वाढवा.

नेहमी एकाच बाजूला वळणारे ग्लायडर असेल, तर या दोन्हींपैकी काही करण्याआधी ते हाताच्या अंतरावर धरून मागून एक डोळा मिटून पाहा. बहुतेक वेळा एका पंखाची मागची कड पिळलेली दिसेल. सिंगापूरच्या दमट हवेत पातळ बाल्साला हे हमखास होते. चहाच्या किटलीच्या वाफेवर पंख काही सेकंद धरा, हलक्या हाताने उलटा पीळ द्या आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा. वाफेचे काम मोठ्यांनी करावे. ग्लायडर घरात ठेवताना भिंतीला टेकवू नका, पंख सपाट जागेवर ठेवा.

जास्त स्थिर म्हणजे जास्त चांगले का?

नाही. अति तेथे माती, आणि इथे तर नाकातली माती.

हळू सोडलेले ग्लायडर छान चालू लागले की मुलाला ते जोरात आणि उंच फेकायचे असते. यात गैर काहीच नाही, हाताने फेकायच्या ग्लायडरची खरी मजा त्यातच आहे. पण उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ५ मीटरने चालणारे ग्लायडर १५ मीटरने फेकले की वेग तिप्पट आणि उचल नऊपट. नाकात भरपूर वजन आणि शेपटीला भरपूर कोन असलेले, म्हणजे अति स्थिर ग्लायडर ही नऊपट उचल घेऊन सरळ कोलांटी मारते आणि फेकणाऱ्याच्याच पायाशी येते.

म्हणून फेकीच्या ग्लायडरमध्ये स्थिरता हवी तेवढीच ठेवतात. हळू चालीत सगळे जमल्यावर नाकातली माती चिमूटभर काढा, शेपटीचा कोन केसभर कमी करा आणि पुन्हा दोन्ही चाचण्या घ्या. गुरुत्वमध्य ३ सेंमीवरून साडेतीनपर्यंत मागे नेता येतो. त्याच्या पलीकडे तटस्थ बिंदू फार जवळ येतो, तिथे धाडस करू नये.

फेकीचीही रीत आहे. उजव्या हाताने फेकणाऱ्याने ग्लायडर उजवीकडे कलते धरावे आणि भालाफेकीप्रमाणे, वाऱ्याच्या दिशेच्या थोडे उजवीकडे, वर फेकावे. उभ्या शेपटीची मागची कड डावीकडे मिलिमीटरभर वळवून ठेवावी. वेगात असताना ते उजवीकडे चढत जाते, आणि वेग ओसरला की डावीकडे वळून मोठ्या चकरा घेत खाली येते. डावखुऱ्यांनी सगळे उलट करावे. अलीकडे पंखाचे टोक धरून, थाळीफेकीसारखी गिरकी घेऊन फेकण्याची पद्धतही स्पर्धांमध्ये आली आहे. तिच्यात सुटताना ग्लायडरला जोराचा आडवा हिसका बसतो, म्हणून उभी शेपटी मोठी आणि काठी भक्कम लागते. पहिल्या ग्लायडरला ती पद्धत नको.

कुठे, केव्हा आणि कोणाबरोबर

पहिल्या चाचण्या वारा नसलेल्या जागी घ्या. आपल्या इमारतीखालचा व्हॉइड डेक सकाळी मोकळा असतो, आठ-दहा मीटर अंतर मिळते, तेवढे पुरे. फक्त जाणारे-येणारे पाहून घ्या. मैदानावर जायचे ते सकाळी, ऊन तापायच्या आत. वर्षअखेरीस दुपारी गडगडाटी पाऊस ठरलेला. खाली गवत असेल तर ग्लायडर आठवडाभर टिकते, फरशीवर दोन दिवस.

सोबत एक वही ठेवा. नाकातली माती किती, शेपटीखाली पुठ्ठा किती, अंतर किती, वळण कोणत्या बाजूला, एवढे चार रकाने. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर तीन वेळा सोडा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि ग्लायडर सुधारले, तर आनंद होईल पण कळणार काही नाही. मी आयुष्यभर अभियांत्रिकीच्या वर्गात प्रयोगशाळेची शिस्त याहून निराळी शिकवली नाही.

बाजारात तयार ग्लायडर मिळतात, दहा मिनिटांत जुळतात आणि बरे उडतात. त्यांना मी नावे ठेवत नाही. पण ते बिघडले की मूल ते बाजूला टाकते, कारण ते का उडत होते हेच त्याला ठाऊक नसते. परीक्षेत उत्तर चुकले की इथल्या मुलांना गुण गेले एवढेच समजते. ग्लायडर गुण कापत नाही. ते उजवीकडे वळून पडले, म्हणजे उजवीकडे बघ असे सांगते. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अशाच टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून हजारो मुलांना विज्ञान हाताळायला दिले. सिंगापुरातही डीएसओ नॅशनल लॅबोरेटरीज आणि सायन्स सेंटर मिळून उडत्या यंत्रांची स्पर्धा भरवतात आणि तिच्यात कागदी विमानांनासुद्धा मान असतो. ज्या मुलाला गोडी लागेल त्याला पुढचा रस्ता आहे.

आणि आजी-आजोबांसाठी एक शेवटची गोष्ट. तुमचा मुक्काम महिन्या-दोन महिन्यांचा. नातवंडाचे मराठी अडखळते, तुमचे इंग्रजी. समोरासमोर बसून गप्पा मारायचे ठरवले की दोघेही अवघडतात. पण मधे ग्लायडर असले की बोलावेच लागते. ‘नाक जड झालंय’, ‘शेपटी जरा उचल’, ‘पंख पिळलाय, वाफ दे’, ‘आता हळू सोड’. ही सगळी वाक्ये कामाची आहेत, आणि कामाची वाक्ये मूल विसरत नाही. ते तुम्हाला ‘ट्रिम’ आणि ‘स्टॉल’ शिकवेल, तुम्ही त्याला तोल, कल, पीळ आणि ढील हे शब्द द्या. पतंगाची कन्नी कशी बांधायची, तेही त्याच ओघात दाखवून टाका.

तेव्हा दिवाळीच्या सामानासाठी लिटिल इंडियात जाल, तेव्हा यादीत पांढरा गोंद, पॉलिश पेपर आणि खेळायची माती लिहून ठेवा. बाल्साची एक पाटी छंदाच्या वस्तूंच्या दुकानातून आणा. फराळाच्या दुसऱ्या दिवशी कापायला बसलात तर गोंद रात्रभर वाळेल आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पहिली चाचणी घेता येईल. वहीच्या पहिल्या पानावर तारीख आणि दोघांची नावे घालायला विसरू नका.